नवी वाट काढायची की जुनी बंद करायची? जठरातल्या रक्तस्रावाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांचे गृहस्थ. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणत, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

काकांना हिपॅटायटिस सीमुळे लिव्हर सिरोसिस झाला होता. तीन वर्षांपूर्वी गोळ्यांच्या कोर्सने विषाणू पूर्ण गेला, पण तोवर यकृत कडक झालं होतं आणि ते तसंच राहिलं. जोडीला मधुमेह. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. तेव्हा दुसऱ्या एका केंद्रात एंडोस्कोपी झाली. जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात, म्हणजे फंडसमध्ये, फुगलेल्या शिरांचा झुबका दिसला, त्यात ग्लू (शिरेत घट्ट होऊन ती बुजवणारा वैद्यकीय गोंद) भरला, रक्त थांबलं आणि चौथ्या दिवशी काका घरी गेले. सीटी स्कॅन झाला नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण पुढचं बरंचसं त्यातून निघालं.

या शिरा समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आतडी आणि प्लीहा यांचं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं. यकृत कडक झालं की ते रक्त अडतं आणि हृदयाकडे जायला आडवाटा शोधतं. काही वाटा अन्ननलिकेच्या खालच्या टोकातून जातात, काही जठरातून. दिल्लीचे डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ साली जठरातल्या शिरांची चार प्रकारांत विभागणी मांडली, ती आजही जगभर वापरतात. पहिले दोन प्रकार अन्ननलिकेतल्या शिरांना जोडून असतात. उरलेले दोन स्वतंत्र. त्यांतला फंडसमधला प्रकार काकांना होता.

फंडसमधल्या शिरा म्हणजे एखादा डोह समजा. प्लीहेकडून आणि जठराच्या कडेने येणाऱ्या दोन-तीन शिरा त्यात पाणी आणून सोडतात. बाहेर पडायला बहुतेकांमध्ये एकच मोठा ओढा असतो. तो डाव्या अधिवृक्क ग्रंथीच्या शिरेवाटे डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरतो. त्याला गॅस्ट्रोरीनल शंट म्हणतात. एवढी ऐसपैस वाट असल्यामुळे पोर्टल शिरेतला दाब फारसा वाढलेला नसतानाही हा डोह फुटू शकतो. अन्ननलिकेतल्या शिरांसाठी पोर्टल आणि यकृताच्या शिरांतल्या दाबाच्या फरकाचा १२ मिलिमीटर पाऱ्याचा आकडा आपण जपतो. फंडसच्या शिरा त्याखालीही फुटलेल्या आहेत. त्या अन्ननलिकेतल्या शिरांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या की रक्त धो धो जातं.

ती रात्र

काका रात्री अकराच्या सुमारास आले. नाडी १२६, बीपी ८६/५०, हिमोग्लोबिन ६.१, प्लेटलेट्स ६८ हजार. पोर्टल दाब उतरवायला टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम दर चार तासांनी, जंतुसंसर्ग टाळायला सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम, एंडोस्कोपीआधी जठर रिकामं व्हावं म्हणून एरिथ्रोमायसिन. रक्त चढवलं, पण हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या दरम्यानच ठेवायचं, हे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नीट सांभाळलं. जास्त रक्त दिलं की पोर्टल दाब वाढतो आणि फाटलेली शीर पुन्हा वाहू लागते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, १.६ होता, तो 'दुरुस्त' करायला प्लाझ्माच्या पिशव्या लावल्या नाहीत, तेही योग्यच. सिरोसिसमध्ये हा आकडा रक्तस्रावाचा धोका सांगत नाही, आणि प्लाझ्माने आकारमान मात्र वाढतं.

उलटीतलं रक्त फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी घातली आणि पहाटे तीनला एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेत अगदी लहान शिरा. फंडसमध्ये मोठा झुबका, त्यावर जुन्या ग्लूच्या जागी व्रण आणि त्यातून वाहतं रक्त. दोन ठिकाणी पुन्हा ग्लू दिला. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला नाकातल्या नळीतून पुन्हा ताजं रक्त आलं.

मग जठरात फुगा फुगवून तात्पुरता दाब दिला. फंडससाठी एकच मोठा फुगा असलेली लिंटन नळी वापरतात. ती चोवीस तासांच्या आत काढावीच लागते, नाहीतर दाबाखाली जठराचं अस्तर मरतं. ही नळी घातल्यावर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीला (एक्स-रेच्या मदतीने शिरांतून उपचार करणाऱ्या विभागाला), म्हणजे मला, फोन आला.

अडचण

माझा पहिला कौल टिप्सला, म्हणजे यकृतातून स्टेंट टाकून रक्ताला नवी वाट काढण्याला, होता, आणि तो मी फोनवरच देऊन टाकला. अनेक वर्षं टिप्स करतो आहे, हात बसलेला आहे, सेट तयार असतो. सिरोसिस, एंडोस्कोपी चालू असताना वाहणारी शीर, यकृताची अवस्था चाइल्ड बी (ए, बी, सी या तीन पायऱ्यांतली मधली), म्हणजे गुणांनुसार लवकर टिप्स करण्याच्या चौकटीत काका बसत होते. केस शीटवर चाइल्ड-प्यू गुण ८ लिहिले होते: बिलिरुबिन २.४ म्हणून २, अल्ब्युमिन २.९ म्हणून २, आयएनआरचा १, थोडं पोटातलं पाणी म्हणून २, आणि एनकेफॅलोपॅथीसमोर (यकृत बिघडल्याने मेंदूवर येणारी गुंगी, गोंधळ) 'नाही', म्हणून १. यकृताच्या आजाराची तीव्रता सांगणारा दुसरा आकडा, मेल्ड, १६. हृदयाचा इको ठीक होता. कागदावर टिप्सला आडकाठी नव्हती.

सीटीसाठी मात्र मी अडून बसलो. फुगा लावलेला असल्यामुळे तेवढा वेळ हातात होता.

सीटीने तीन गोष्टी दाखवल्या. पहिली, पोर्टल शीर आणि प्लीहेची शीर दोन्ही मोकळ्या होत्या. प्लीहेच्या शिरेत गुठळी असती तर सगळं प्रकरणच वेगळं झालं असतं. तेव्हा दोष यकृताचा नसून प्लीहेचं रक्त तुंबल्याचा असतो आणि टिप्सचा उपयोग होत नाही. दुसरी, मोठा गॅस्ट्रोरीनल शंट होता. मूत्रपिंडाच्या शिरेला मिळण्याआधी तो एका जागी चिंचोळा होऊन ९ मिलिमीटर भरत होता. यकृतात गाठ नव्हती.

तिसरी गोष्ट मी शोधत नव्हतो. स्कॅनच्या वरच्या काही चित्रांत फुप्फुसांचा तळ येतो. उजव्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांच्या टोकांशी, पांढरेशुभ्र ठिपके होते, तांदळाच्या कणीएवढे. खिडकी (चित्राची उजळ-गडद पातळी) बदलून पाहिली, तरी तितकेच पांढरे. तो ग्लू होता. ग्लू एक्स-रेवर दिसावा म्हणून लिपिओडॉल या तेलात मिसळून देतात, त्यामुळे तो असा चमकतो. डोहात सोडलेला ग्लू घट्ट व्हायच्या आत ओढ्याला लागून मूत्रपिंडाच्या शिरेत, तिथून हृदयात आणि फुप्फुसात पोचला होता. नशिबाने थोडाच. पण या रुग्णाला आणखी ग्लू द्यायचा नाही, हे त्या ठिपक्यांनी ठरवून टाकलं.

वही

रात्री नऊला काकूंना टिप्सची माहिती द्यायला बसलो. संमतीपत्रात एनकेफॅलोपॅथीचा उल्लेख असतो, म्हणून सवयीने विचारलं, "काकू, काकांना मधे कधी विसरल्यासारखं, गोंधळल्यासारखं झालं होतं का?"

"तसं नाही हो डॉक्टर. पण दिवसभर झोपतात आणि रात्री घरभर फिरतात. मागच्या महिन्यात शर्ट उलटा घालून बाहेर निघाले होते. मी म्हटलं, आजारपणाचा थकवा असेल."

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. काका गेली सहा वर्षं रोजची साखर त्यात स्वतः लिहीत होते. सुरुवातीची पानं छापल्यासारखी: तारीख, वेळ, आकडा, तिन्ही रकान्यांत सरळ रेषेत. चार महिन्यांपूर्वीपासून आकडे ओळीखाली घसरू लागले होते. पुढे रकाने एकमेकांत मिसळले होते. शेवटच्या पंधरवड्यात काही तारखा दोनदा होत्या, आणि एके ठिकाणी साखरेच्या जागी फोन नंबर लिहिला होता.

एनकेफॅलोपॅथीची चार महिन्यांची कहाणी त्या वहीत तारखेनिशी होती. केस शीटवरचं 'नाही' कुठून आलं, ते नंतर कळलं. भरती करताना काकांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, "मी ठीक आहे." त्यानंतर तासाभरात श्वासनलिकेत नळी आणि गुंगीचं औषध, म्हणजे तपासायला वावच उरला नव्हता. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. पण गुण ८ चे ९ झाले, आणि त्या एका गुणाने माझा कौल फिरला.

कोणते पर्याय होते

टिप्स म्हणजे नवी वाट काढणं. मानेतल्या शिरेतून यकृताच्या शिरेत उतरायचं, तिथून यकृताच्या आत सुई घालून पोर्टल शीर गाठायची आणि त्या बोगद्यात आच्छादित स्टेंट बसवायचा. प्राण्यांवरचे प्रयोग १९६९ पासूनचे आहेत. धातूचा स्टेंट वापरून माणसावर पहिली टिप्स १९८८ साली जर्मनीत फ्रायबुर्गला झाली. मुख्य गुण हा, की रोगाच्या मुळाशी असलेला दाबच उतरतो. अन्ननलिकेतल्या शिरा, पोटातलं पाणी, सगळ्यावर एकाच वेळी फायदा. दोष असा, की आतड्यातलं न गाळलेलं रक्त यकृताला वळसा घालून थेट मेंदूकडे जातं. टिप्सनंतर साधारण तीनांतल्या एकाला एनकेफॅलोपॅथी होते, आणि ज्याला ती आधीच आहे त्याचा धोका आणखी वाढतो. शिवाय यकृताला मिळणारं रक्त घटतं.

फंडसच्या शिरांबाबत टिप्सचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते पुरेसं बोललं जात नाही. डोहाचा ओढा आधीच रुंद असेल तर वरून दाब कमी केला तरी डोह आटतोच असं नाही. नव्या वाटेपेक्षा रक्ताला जुनी सोपी पडते. त्यामुळे टिप्स करताना त्याच बोगद्यातून आत जाऊन या शिराही बंद कराव्या लागतात. नुसता स्टेंट टाकून दाबाचा आकडा छान आला म्हणून समाधान मानलेले आणि आठवड्याने पुन्हा रक्त आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

बीआरटीओ म्हणजे जुनी वाट बंद करणं. मूत्रपिंडाच्या शिरेतून उलट्या दिशेने शंटमध्ये शिरायचं, ओढ्याच्या तोंडाशी फुगा फुगवून प्रवाह अडवायचा आणि तुंबलेल्या डोहात शिरा आतून चिकटवणारं औषध भरायचं. जपानमध्ये कानागावा आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. परिणाम टिप्सच्या बरोबर उलटे. आडवाटेने जाणारं रक्त पुन्हा यकृताकडे वळतं, यकृताचं काम बऱ्याचदा सुधारतं, मेंदूवरचं मळभ उतरतं. पण पोर्टल दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, पोटात किंवा छातीत पाणी होतं.

यातला फुगा ही नाजूक गोष्ट आहे. औषध घट्ट होईपर्यंत तो काही तास, कधी रात्रभर, फुगवलेला ठेवावा लागतो. तो मधेच फुटला तर सगळं औषध फुप्फुसाकडे जातं. जपानमध्ये पूर्वापार वापरलं जाणारं इथेनोलामाइन ओलिएट लाल पेशी फोडतं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून त्यासोबत हॅप्टोग्लोबिन देतात. आता बऱ्याच ठिकाणी सोडियम टेट्राडेसिलचा फेस वापरतात. औषध कमी लागतं.

पार्टो आणि कार्टो ही बीआरटीओची पुढची रूपं, दोन्ही गेल्या दशकातली. पार्टो २०१३ साली कोरियातून पुढे आली. फुग्याच्या जागी ओढ्याच्या तोंडाशी धातूच्या जाळीचा प्लग कायमचा बसवायचा आणि मागे जिलेटिन स्पंजचा लगदा भरायचा. कार्टोमध्ये प्लगऐवजी कॉइल, म्हणजे धातूच्या तारेची वेटोळी. काम तासा-दोन तासांत संपतं, काही लटकत ठेवावं लागत नाही, चिकटवणारं औषधही नाही. अट एवढीच, की शंटमध्ये प्लग धरून राहील अशी चिंचोळी जागा हवी. शंट फारच रुंद किंवा नागमोडी असेल तर कॉइल बरे पडतात.

ओढाच नसेल, किंवा खालून पोचता येत नसेल, तर यकृतातून किंवा प्लीहेतून सुई घालून वरच्या बाजूने डोह भरता येतो. काकांना त्याची गरज नव्हती. ज्याच्या प्लेटलेट्स ६८ हजार आहेत त्याच्या प्लीहेत सुई घालायची तर कारण तसंच सबळ हवं.

टिप्स आणि शंट बंद करणं, दोन्ही एकाच बैठकीत करायची सूचनाही रात्री झाली. विचार चुकीचा नव्हता. एकाचा दोष दुसरं भरून काढतं. पण चार महिने गोंधळलेल्या मेंदूवर टिप्सचा भार आत्ताच टाकायला माझं मन तयार होईना. जो आजार अजून झालेला नाही, म्हणजे उद्याचा जलोदर, त्यासाठी जो आजार समोर आहे तो वाढवायचा, असा तो हिशेब होता.

निर्णय

पोर्टल दाबावरच्या तज्ज्ञांच्या बावेनो सात या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सहमतीपत्रात फंडसच्या शिरांसाठी बीआरटीओला ग्लू किंवा टिप्सचा पर्याय म्हणून स्थान आहे. शंटची रचना साजेशी हवी आणि ते काम येणारे हात हवेत, एवढी अट. पण दोघांपैकी कोणाला काय द्यायचं ते तिथेही रुग्ण पाहूनच ठरवावं लागतं. आमच्यासमोर तीन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या: ओढा मोठा आणि तोंडाशी अरुंद, मेंदूवर आधीच परिणाम, आणि अन्ननलिकेतल्या शिरा लहान. जमेच्या विरुद्ध बाजूला पोटातलं थोडं पाणी. ते वाढणार हे धरून चालायचं होतं.

बीआरटीओ की पार्टो, यावर फार वेळ गेला नाही. गुंगी उतरल्यावर गोंधळलेला माणूस जांघेतली नळी ओढणार नाही, याची खात्री कोण देणार? एका रात्रीत इतकं रक्त गेल्यावर आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर मूत्रपिंडांनाही आणखी औषध नको होतं. ९ मिलिमीटरची चिंचोळी जागा प्लगसाठी उत्तम. पार्टो ठरली.

मी पुन्हा काकूंकडे गेलो. आधी एक सांगून तासाभरात दुसरंच सांगायला जाताना अवघडल्यासारखं होतं. पण वहीमुळे निर्णय बदलला हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ओढ्याचं चित्र कागदावर काढलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, हा रस्ता बंद केला तर ते रक्त जाणार कुठे?"

माझ्या निवासी डॉक्टरांना मी जो प्रश्न वारंवार विचारतो तो त्यांनी एका वाक्यात विचारला होता. काही यकृताकडे जाईल, ते चांगलं, असं मी सांगितलं. काही अन्ननलिकेकडे जाईल आणि तिथल्या शिरा फुगतील, त्या पुन्हा एंडोस्कोपीने बांधाव्या लागतील. पोटात पाणी वाढेल, त्याला गोळ्या लागतील. "म्हणजे काम संपत नाही," त्या म्हणाल्या. नाही संपत, मी म्हटलं. त्यांनी सही केली.

प्रत्यक्ष काम

जठरातला फुगा लावून चौदा तास झाले होते. उजव्या जांघेतल्या शिरेतून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत आणि तिथून शंटमध्ये गेलो. चिंचोळ्या जागेपलीकडे एक बारीक कॅथेटर ठेवलं आणि त्याच्या शेजारून १२ मिलिमीटरचा प्लग उघडला, पण तारेपासून सोडला नाही. प्लग शंटपेक्षा निदान पाव ते एक तृतीयांश तरी मोठा घ्यावा लागतो, नाहीतर लगदा भरताना येणाऱ्या दाबाने सरकतो.

कॉन्ट्रास्ट सोडला. डोह भरू लागला. आणि मग एक बारीक रेघ वर, मध्यपटलाकडे निघाली. डावी इन्फिरिअर फ्रेनिक शीर. ओढा बंद केल्यावर डोहाला सापडलेली दुसरी फट. तशीच सोडून लगदा भरला असता तर तो त्या फटीतून हृदयाकडे गेला असता, आणि डोह अर्धवट भरला असता.

तिथे आम्ही थांबलो. सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आधी लगद्याचे मोठे तुकडे सोडू, फट आपोआप बुजेल. बऱ्याचदा बुजतेही. मी मायक्रोकॅथेटर घालून दोन छोट्या कॉइल टाकायचं ठरवलं. त्यात पस्तीस मिनिटं गेली. फुप्फुसात आधीच ग्लूचे कण नसते तर कदाचित मीही सहकाऱ्याचं ऐकलं असतं. इथे फुप्फुसांकडे आणखी काही पाठवायची जोखीम नको वाटली.

मग लगदा, अगदी सावकाश. पडद्यावर डोह एकेक वळण घेत काळा होत जातो, जुन्या ग्लूचा गोळा त्यात आधीपासून गडद दिसत असतो. डोहात पाणी आणणाऱ्या शिरेचं तोंड दिसू लागलं तिथे हात थांबवला. यापुढे एक मिलिलिटर जास्त गेला तर तो पोर्टल शिरेत उतरतो आणि तिथे गुठळी होऊ शकते. तो धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण पोर्टल शीर बुजली की उद्या टिप्स करणं अवघड होतं आणि प्रत्यारोपणही. दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. डोह स्थिर. प्लग सोडला.

पुढे काय झालं

जठरातला फुगा सोडला, रक्त आलं नाही. दुसऱ्या दिवशी श्वासनलिकेतली नळी काढली. ४८ तासांनी सीटीमध्ये डोह पूर्ण गोठलेला, पोर्टल शीर मोकळी. दोन दिवस ताप आणि पोटात दुखणं होतं; गोठलेल्या शिरांमुळे ते होतंच, पण पोटातलं पाणी काढून तपासलं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २५० च्या खाली, म्हणजे जंतुसंसर्ग नाही.

मेंदूवरचा परिणाम मला वाटलं त्यापेक्षा लवकर ओसरला. एनकेफॅलोपॅथीवरचं औषध लॅक्ट्युलोज चालू होतंच, त्यामुळे सगळं श्रेय शंट बंद केल्याला देत नाही. तिसऱ्या आठवड्यात काकू वही घेऊन आल्या. आकडे पुन्हा रकान्यांत होते. अक्षर थोडं मोठं, पण ओळीवर.

जे बिघडणार म्हणून सांगितलं होतं तेही ठरल्याप्रमाणे बिघडलं. दोन आठवड्यांत वजन साडेचार किलोंनी वाढलं, पोट ताणलं. मीठ कमी केलं, स्पायरोनोलॅक्टोन १०० आणि फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम सुरू केलं, महिन्याभरात आवाक्यात आलं. सहाव्या आठवड्याच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा लहानाच्या मोठ्या झालेल्या, वर लाल खुणा. म्हणजे फुटायच्या बेतात. तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बँड लावले, पोर्टल दाब उतरवणारं कार्व्हेडिलॉल ६.२५ वरून १२.५ मिलिग्रॅमपर्यंत नेलं, वरचं बीपी ९० खाली जाणार नाही हे पाहत.

चित्र थोडं वेगळं असतं तर

याच काकांचा मेंदू स्वच्छ असता आणि पोट पाण्याने भरलेलं असतं, तर मी टिप्स केली असती आणि त्याच वाटेने जठरातल्या शिरा बंद केल्या असत्या. अन्ननलिकेत मोठ्या शिरा असत्या तरी तेच. हृदय अशक्त असतं, किंवा बिलिरुबिन ५ च्या पुढे असतं, तर पुन्हा शंट बंद करण्याकडे. म्हणून 'टिप्स चांगली की बीआरटीओ' या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही. एक दाब उतरवते आणि मेंदूला धोक्यात घालते, दुसरी मेंदूला वाचवते आणि दाब चढवते. समोरच्या रुग्णाला या दोघांपैकी काय झेपेल, ते पाहायचं.

मी काय वेगळं केलं असतं

सीटी पहिल्याच रक्तस्रावानंतर व्हायला हवा होता. तेव्हा केला असता तर शंट दिसला असता, ग्लू देताना काळजी घेता आली असती, आणि हेच काम दिवसाढवळ्या, शांतपणे, रक्त वाहत नसताना झालं असतं. फंडसच्या शिरा दिसल्या की रुग्ण घरी जाण्याआधी पोर्टल शिरांचा सीटी, असा नियम आम्ही आता आमच्यापुरता केला आहे.

फोनवर कौल देणं माझं चुकलं. मी टिप्स म्हटल्यावर सगळी टीम त्या दिशेला लागली. ऑपरेशनची यादी, भूल, संमतीपत्र, सगळं. वही पिशवीतच राहिली असती तर ते गाडं थांबलं नसतं. आता एनकेफॅलोपॅथीचा रकाना भरताना रुग्णाबरोबर घरातल्या माणसालाही विचारायचं, असं शीटवरच छापलं आहे: झोप उलटी झाली आहे का, अक्षर बदललं आहे का, पैशांचा हिशेब चुकतो का. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत असेल तर एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायला लावतो. साधी चाचणी आहे, पण बरंच काही सांगून जाते.

शंट बंद करण्याआधी आणि नंतर यकृताच्या शिरेतला दाब मोजला नाही. पंधरा मिनिटांचं काम होतं. मोजला असता तर अन्ननलिकेतल्या शिरा किती वेगाने वाढतील याचा अंदाज आला असता आणि एंडोस्कोपी सहा आठवड्यांऐवजी तीन-चार आठवड्यांनी केली असती. त्या लाल खुणा पाहिल्या तेव्हा अंगावर काटा आला होता. मधल्या दोन आठवड्यांत त्या फुटल्या असत्या तर हे प्रकरण मी वेगळ्याच शब्दांत लिहिलं असतं.

फ्रेनिक शिरेतल्या कॉइलबद्दल माझं आणि सहकाऱ्याचं अजूनही एकमत नाही. त्याच्या मते ती पस्तीस मिनिटं टाळता आली असती. असेलही. मी पुन्हा तेच करेन.

आजची स्थिती

नऊ महिने झाले. रक्त पुन्हा आलेलं नाही. अल्ब्युमिन २.९ वरून ३.३ वर, बिलिरुबिन १.७. यकृत प्रत्यारोपणाच्या तज्ज्ञांकडे नाव गेलं आहे. सहाव्या महिन्याच्या सीटीत पोर्टल शीर मोकळी होती, त्यामुळे उद्या पाणी गोळ्यांना दाद देईनासं झालं तर टिप्सचा विचार तेव्हा करता येईल. मेंदूचा प्रश्न तेव्हा पुन्हा उभा राहील, आणि ते काकूंना ठाऊक आहे.

वहीत आता साखरेशेजारी एक नवा रकाना आहे, सकाळच्या वजनाचा. तो काका स्वतः आखतात. दोन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा अक्षर ओळीखाली घसरू लागलं, तर काकूंनी थेट मला फोन करायचा, असं ठरलं आहे. एकदा केलाही होता, वजनासाठी. गोळीचा डोस वाढवला, आठवड्यात उतरलं.